उभा माणूस

रोवनफेरी,
रविवार, १४ ऑगस्ट १९२१

प्रिय निनियन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत टाकलं नसशील, तर निदान पहिलं पान तरी वाच. पत्ता तुझ्या बहिणीने दिला. नॅन मागच्या आठवड्यात डनीडिनच्या स्टेशनवर चहा पिताना भेटली आणि मी काही विचारायच्या आतच तुझ्याबद्दल सगळं बोलून मोकळी झाली. तू वरच्या खोऱ्यात जर्दाळूच्या बागेत एकटा राहतोस, सध्या छाटणी चालू आहे, कुणी भेटायला आलं की कुत्रा अंगावर येतो आणि तू त्याला आवरत नाहीस. "दोघांत माणसाळलेला कोण, ते मला अजून कळलेलं नाही," असं ती म्हणाली. मी हसले, आणि मग मला फार वाईट वाटलं. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस, पण त्यातली निम्मी वर्षं तू खंदकांत आणि इस्पितळांत होतास, तेव्हा दोष माझाच जास्त. आज रविवार आहे. आज माझ्या शेडमधून नुसता खुट्ट आवाज आला तरी पाद्रीबाबा पुढच्या रविवारी माझ्यावरच प्रवचन करतील. म्हणून खोलीत बसून लिहिते आहे.

आधी बातमी सांगते. रोवनफेरीच्या युद्धस्मारकाचं काम मला मिळालं आहे. हो, मलाच! खाली दगडी चौथरा, त्यावर एकोणीस नावं आणि वर उभा शिपाई. समितीचे अध्यक्ष पर्व्हिससाहेब, मेंढ्यांच्या लिलावातले मोठे दलाल. त्यांच्याकडे इटलीहून आलेलं एक जाडजूड सूचीपत्र आहे. त्यात संगमरवरी शिपाई क्रमांकाने मिळतात: मान खाली घातलेला, मान वर केलेला, बंदुकीसह, बंदुकीविना. आसपासच्या तीन गावांत एकच चेहरा, एकच मिशी घेऊन तो उभा आहे. आमच्या मुलांचं तसं होऊ नये म्हणून मी समितीशी हिवाळाभर भांडले. पर्व्हिससाहेब म्हणायचे, "बाई, इटलीवाला एकदा बोटीत चढला की आपण मोकळे. तुमचं काय, तुम्ही अजून मातीतच खेळताय." शेवटी ठरलं ते असं. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी समिती माझा पूर्ण उंचीचा मातीचा पुतळा बघणार. पटला तर तो ब्राँझमध्ये ओतायचा आणि एप्रिलमध्ये, लढाईत गेलेल्यांच्या स्मरणाच्या अँझॅक दिनाला, त्याचं अनावरण करायचं. नाही पटला तर त्याच दिवशी इटलीला पत्र जाणार, आणि मग या मुलखात मला कुणी दारावरची पाटीसुद्धा कोरायला देणार नाही.

काम लोकरीच्या जुन्या गोदामात चालतं, तीच माझी शेड. पद्धत तुला ठाऊकच आहे. आधी उघडा माणूस घडवायचा, हाडं आणि स्नायू जागच्या जागी बसले की मग त्याच्यावर मातीचा शर्ट, मातीची विजार, मातीचे बूट चढवायचे. नाहीतर कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसतात. आता हे समितीला कोण समजावणार? म्हणून दाराला भलंमोठं कुलूप आहे आणि त्याच्या दोनच किल्ल्या आहेत, एक माझ्याकडे आणि एक टेटबाईंकडे. मी आठवड्यातले तीन दिवस डनीडिनला शिकवायला जाते, तेव्हा माती सुकू नये म्हणून त्या तिच्यावरच्या गोणपाटांवर पाणी मारतात. टेटबाई इथल्या सुईण आहेत, आणि गावात कुणी गेलं तर न्हाऊमाखू घालून कपडे चढवायलाही त्यांनाच बोलावतात. त्यांचा मुलगा वॉटी त्या एकोणिसांतला एक. पहिल्या दिवशी किल्ली देताना मी त्यांना बजावलं, पाणी वरूनच मारा, गोणपाट उचलून खाली बघू नका. तर म्हणाल्या, "पोरी, या गावातल्या सगळ्या पुरुषांना मी अंघोळ घातलीये. निम्म्यांना येताना, निम्म्यांना जाताना. तू मला काय दाखवणार?"

तुला आपले शनिवार आठवतात? वैद्यकीय शाळेच्या मागची ती लांब खोली, वरच्या काचांतून येणारा थंड उजेड, आणि केसांत दोन दिवस राहणारा तो औषधाचा वास. आपण कलाशाळेचे सोळा जण, चित्राच्या फळ्या गळ्यात अडकवून, विच्छेदनाच्या टेबलाभोवती. पहिल्याच दिवशी घेरी येऊन तू आडवा झालास. मी नाही. एवढा सहा फुटी शेतकऱ्याचा मुलगा, मेंढ्या सोलून मोठा झालेला, आणि टलॉकने नुसती चादर बाजूला केली तर गडी भुईवर! टलॉक त्या खोलीतला साधा नोकर होता, पण तिथल्या डॉक्टरांपेक्षा मी त्याच्याकडूनच जास्त शिकले. तो मेलेल्याच्या तोंडावर ओलं फडकं ठेवायचा आणि दरवेळी म्हणायचा, "चेहरा त्याचा त्याच्यापाशी राहू दे. बाकीचं घ्या." आपण एका माणसाचे तीन कागद करायचो. कोळशाने हाडं, लाल खडूने स्नायू, आणि शेवटी कातडी. एकदा त्याने हाताच्या कोपराखालचा एक स्नायू चिमट्यात धरून ओढला आणि त्या मेलेल्या माणसाचं बोट असं हललं की जणू तो मला जवळ बोलावतोय. तू डोळे मिटलेस. मी मात्र तिथेच ठरवलं की जन्मभर हेच करायचं. माणूस इतका नीट बांधलेला असतो हे मला कुणी त्याआधी दाखवलंच नव्हतं. तो कुणी बेवारशी खलाशी होता, त्याचं नावही आपल्याला सांगितलं नाही. त्याचे उपकार मी अजून मानते.

दुपारी मात्र आपल्या वाटा वेगळ्या व्हायच्या. तुम्ही मुलगे वरच्या मजल्यावर जायचात, तिथे गोदीतला एखादा हमाल उघडा उभा असायचा आणि तुम्ही त्याला काढायचात. आम्हा सात मुलींना तिथे बंदी होती. आम्ही खाली जाऊन प्लास्टरचे ग्रीक देव काढायचो, तेही कमरेला अंजिराचं पान लावलेले. मेलेला पुरुष चालायचा, कारण त्याने कुणाची अब्रू जात नाही असं मुख्याध्यापकांचं मत होतं. तरीही सकाळी आम्हा मुलींवर नजर ठेवायला मिस ऑर विणकाम घेऊन कोपऱ्यात बसायच्याच. न जाणो, उठलाबिठला तर! आम्ही त्यावर हसायचो. यात आपलं काही नुकसान होतंय हे आम्हाला कळतसुद्धा नव्हतं. मी तीन हिवाळे त्या टेबलापाशी काढले, दोनशेवर कागद केले, आणि मला वाटलं, आपल्याला पुरुषाचं शरीर पाठ झालं.

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, मी डनीडिनहून परतले तर शेडचं दार उघडं, गोणपाटं खाली पडलेली, आणि टेटबाई स्टुलावर बसून माझ्या शिपायाची टाच हातात धरून बघतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनीच विचारलं, "याला उभा कुणी केला गं?" मी म्हटलं, मी केला, दुसरं कोण करणार! त्या म्हणाल्या, "केलायस खरा. पण हा उभा नाहीये. हा निजलाय. याचे पंजे बघ, कसे पुढे पडलेत, बाहेरच्या अंगाला. माणूस गेला की असेच पडतात. मी दोन्ही अंगठे फडक्याने बांधते ते कशासाठी? आणि इकडे मागे ये. ही पोटरी अशी चपटी का? फळीवर पडून होते तशी. पोट आत गेलंय, खांदे कानाशी आलेत, बोटं मुडपलीत. मेलेल्या माणसाला तू उचलून टेकवलायस, पोरी."

मी मागे जाऊन बघितलं. निनियन, पोटरी खरंच चपटी होती. मी स्वतःच्या हातांनी ती थापून चपटी केली होती, कारण माझ्या दोनशे कागदांवर ती तशीच होती. गुडघ्याची वाटी सैल, खाली घसरलेली. मांडीचा मागचा भाग टेबलाला टेकल्यासारखा सपाट. मी सहा फूट मातीचं प्रेत उभं केलं होतं आणि वरून बूट चढवणार होते. मी तिथेच उपड्या बादलीवर बसले. टेटबाई माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. "वॉटीला अंघोळ घालणं माझ्या नशिबात नव्हतं. बेल्जियममधल्या चिखलात कुठे पडला तेही कुणी सांगत नाही. तेव्हापासून डोळ्यांसमोर येतो तो पडलेलाच येतो. दुसऱ्यांच्या पोरांना मी नीट करून पाठवलं, माझाच तेवढा राहिला. तू मला त्याला एकदा उभा करून दे. नुसता उभा. चेहरा त्याचा नसला तरी चालेल." आणि उठून त्यांनी गोणपाटं ओली केली, एकेक करून त्याच्या अंगावर घातली, आणि घरी गेल्या. त्या रात्री मी जेवले नाही.

जेवले नाही त्याचं अर्धं कारण तू आहेस. एकोणीसशे चौदाच्या नोव्हेंबरात शरीररचनेचं पदक मला मिळालं, सगळ्या मुलांना मागे टाकून. प्रदर्शनात माझ्या मोठ्या चित्रापुढे तू बराच वेळ उभा राहिलास. लोक वाहवा करत होते आणि तू हळूच म्हणालास, "ईना, तुझ्या रेषेला तोड नाही. पण हा माणूस कुणीतरी उचलून भिंतीला लावल्यासारखा का वाटतो?" तू मला वाचवायला बघत होतास. मला ते तेव्हा कळलं नाही, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, जो पहिल्याच दिवशी आडवा झाला त्याने मला उभं राहणं शिकवू नये. सगळे हसले. तूही हसलास, सगळ्यांच्या नंतर. महिन्याभराने तू सैन्यात नाव दिलंस, आणि बोट सुटली त्या दिवशी मी बंदरावर आले नाही, राग धरून घरी बसले. लाज वाटायला बोट लांब जावी लागली. आणि मग लाजेपायी लिहिलं नाही. तुझं बरोबर होतं, निनियन. शब्दन् शब्द बरोबर होता. मी चुकले, आणि त्याहून वाईट म्हणजे मी तुला दुखवलं. त्याची मी माफी मागते.

पण हातपाय गाळून बसले असं समजू नकोस. दुसऱ्याच दिवशी पुतळ्याची दोन्ही पावलं मी तारेने कापून काढली. घरमालकिणीचा मोठा आरसा भिंतीला तिरका लावला, परकर गुडघ्यापर्यंत टाचला आणि स्वतःचेच पाय काढायला बसले, म्हणजे उभी राहिले. माझा समज होता की उभं राहणं म्हणजे काहीच न करणं. अगं बाई! उभ्या माणसाचं सगळं शरीर सारखं काही ना काही करत असतं. वाटी वर ओढलेली, पोटरी आवळलेली, घोटा क्षणाक्षणाला सावरतोय. चाळीस कागद झाले आणि मी आनंदाने नाचायचीच बाकी होते.

पुढच्या शुक्रवारी टेटबाई मला मेंढ्यांच्या बाजारात घेऊन गेल्या. "दोन पायांवर उभा राहणारा पुरुष मला दाखव, मी तुला केक करून घालते," असं म्हणाल्या. खरंच एकही नव्हता. कुणी कुंपणाला रेललेला, कुणी एका पायावर भार टाकून दुसरा आडव्या फळीवर ठेवलेला, कुणी कमरेत वाकडा. मी चिखलात उभी राहून काढत सुटले. एक म्हातारा मेंढपाळ ओरडला, "ओ बाई, मेंढ्या सोडून आमचा भाव काढताय काय? मी जुना माल आहे, स्वस्तात जाईन!" टेटबाईंनी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं, "तुला फुकट दिला तरी कोण नेतंय, डॉगी? पाठ फिरव आणि गप उभा राहा." तो राहिलाही. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

तरी जाड कोट आणि विजारींतून किती दिसणार? शरीर हवं होतं. पर्व्हिससाहेबांना मी मोघम सांगितलं की नमुन्याला एक माणूस लागेल, तर त्यांनी मोठ्या मनाने आपला पुतण्या पाठवला. सिरिल. रग्बी खेळतो, तालीम केलेलं अंग, स्वभावाने अगदी गोगलगाय. लढाई संपली तेव्हा तो पंधराचा होता. आला, शर्ट काढला, छाती फुगवली आणि फोटो काढायला उभा राहतात तसा उभा राहिला. दोन तास मी त्याला काढलं, स्नायू सगळे सापडले, आणि तरी मातीत काही उतरेना. टेटबाईंनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगं गोड आहे. पण हा कुठे गेलाच नाही, तर परत कुठून येणार?" सिरिलला गरम चहा पाजून परत पाठवलं. मग मी मातीचे हात धूत असताना त्यांनी मला विचारलं, तिकडे जाऊन आलेला, आणि अजून स्वतःच्या पायांवर असलेला, कुणी आहे का तुझ्या ओळखीचा? मी तुझं नाव घेतलं. सात वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने घेतलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. म्हटलं, तो येणार नाही. त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "नको असेल तर तो सांगेल की. त्याच्या वतीने तू कशाला सांगतेस?"

म्हणून हे पत्र. नॅनने मला सगळं सांगितलं आहे. मेसिन्सच्या लढाईत लागलेले तोफगोळ्याचे तुकडे, डाव्या कमरेत अजून असलेला लोखंडाचा तुकडा, काठी, आणि भर उन्हाळ्यात, जानेवारीच्या उन्हातही तू अंगातला शर्ट काढत नाहीस हे. तुमच्या गावच्या स्मारकाला तू गेला नाहीस, "तिथे माझं काय काम, मी तर जिवंत आहे" असं म्हणालास, तेही सांगितलं. निनियन, मला तोच जिवंत हवा आहे. तू येऊन माझ्यासमोर उभा राहा. सगळा भार उजव्या पायावर घेऊन, डावा खांदा उचलून, तुला आता जसं उभं राहता येतं तसाच. कमरेवरचा वण मी लपवणार नाही. वर मातीचे कपडे चढले की तो लोकांना दिसणारही नाही, पण हा माणूस पडूनही उठला आहे, एवढं लांबूनसुद्धा कळेल. पर्व्हिससाहेब म्हणतील, शिपाई वाकडा आहे. म्हणू देत, त्यांच्याशी भांडायची मला सवय झाली आहे. गाडी गुरुवारी दुपारी येते, शेडमध्ये दोन शेगड्या आहेत, टेटबाई दिवसभर तिथे बसतील म्हणजे गावालाही बोलायला जागा उरणार नाही. ऑक्टोबरच्या त्या सोमवारला सात आठवडे आहेत आणि मला तू तीन आठवडे पुरशील. म्हणजे पुतळ्यासाठी पुरशील. मला स्वतःला तीन आठवडे पुरणार नाहीत, आणि काम झाल्यावर तू परत जाऊ नयेस असं मला वाटतं. हे आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही, म्हणून लिहून टाकलं. ये.

तुझीच, आणि तेव्हाही तुझीच होते,
ईना